पांढर, रांजण आणि संस्कृतीचा उगम

आमच्या नव्या कवींच्या लेखनात एक सूर अलीकडे वारंवार ऐकू येतो. मोहेंजोदडोचे स्नानगृह आमचे, हडप्पाची कोठारे आमची, डोंगरातली लेणी आमची, नाणेघाट आमचा. पुढे परके आले आणि आमची संस्कृती बुडाली. आम्ही या भूमीचे मूळ धनी. कविता तडफेने म्हटली जाते, टाळ्या पडतात. मीही तरुणपणी असे लिहिले आहे आणि त्या टाळ्या घेतल्या आहेत. तेव्हा या सुराविषयी जे काही बोलणार आहे ते आधी माझ्याविषयी आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

गेल्या उन्हाळ्यात एका होतकरू कवीने आपली वही मला वाचावयास दिली. तिच्यात नाणेघाटावर एक दीर्घ कविता होती. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण हे तिचे मध्यवर्ती प्रतीक. हा रांजण आमच्या पूर्वजांच्या वैभवाने भरलेला होता आणि तो कुणीतरी लुटला, असा कवितेचा सारांश. शब्दांत जोर होता. पण वाचताना मला एक शंका सतावू लागली. ज्या रांजणाविषयी आपण रडतो आहोत, तो आपण कधी भरला की कधी रिकामा केला? ही शंका घेऊनच मी घाटघरला गेलो.

जुन्नरहून पश्चिमेला चावंड डावलून गेलेला रस्ता घाटघरला संपतो असे म्हटले तरी चालेल. डोक्यावर जीवधन किल्ला, समोर नानाचा अंगठा, आणि त्यापुढे एकदम तुटलेला कडा, खाली कोकण. वस्ती प्रामुख्याने महादेव कोळ्यांची. भात, नाचणी, वरई आणि हिरडा यांवर चालणारे गाव. पावसाळ्यात येथे शहरातून माणसांचे लोंढे येतात, धुक्यात फोटो काढतात आणि जातात. मी गेलो तेव्हा ऊन होते आणि रांजणाजवळ गुरे घेऊन बसलेले एक वृद्ध गृहस्थ तेवढे होते. मी त्यांना विचारले, "बाबा, हा रांजण कशाचा?"

"जकातीचा म्हणत्यात. येनाऱ्याजानाऱ्यानं नाणं टाकायचं आन् फुडं व्हायाचं."

"आणि ती नाणी काढायचं कोण?"

ते हसले. "आवं दादा, भरल्याची गोष्ट समद्यांस्नी ठावं हाय. रिता कुनी केला त्येची गोष्ट कुनी सांगत न्हाय." मग त्यांनी आपल्या आज्याचे सांगितले. आजा हिरड्याचे ओझे पाठीवर घेऊन याच वाटेने वैशाखऱ्याला उतरत असे आणि मीठ घेऊन वर येत असे. त्यांच्या बोलण्यात रांजण पुन्हा आला नाही. वाटेतल्या निसरड्या पायऱ्या मात्र दोनतीनदा आल्या.

रांजणाच्या पलीकडे, घाटाच्या तोंडाशी, ती प्रसिद्ध गुहा आहे. सातवाहनांची राणी नागनिका हिच्या काळचा ब्राह्मी लिपीतील लेख तिच्या भिंतींवर कोरलेला आहे. इ. स. पूर्व पहिल्या शतकाच्या आसपासचा हा लेख महाराष्ट्राच्या लिखित इतिहासाच्या आरंभी ठेवला जातो. मागल्या भिंतीवर राजघराण्याच्या आठ मूर्ती होत्या. सिमुक सातवाहन, राणी नागनिका, राजा श्रीसातकर्णी, महारठी, कुमार अशी त्यांची नावे वर अजून वाचता येतात. मूर्ती मात्र नाहीशा झाल्या आहेत. पावलांच्या खुणा काय त्या उरल्या आहेत. एकोणिसाव्या शतकात हा लेख युरोपीय अधिकाऱ्यांच्या नजरेस आला, भगवानलाल इंद्रजींनी त्यावर परिश्रम घेतले आणि ब्यूलरने १८८३ मध्ये तो सविस्तर प्रसिद्ध केला. भारतीय अंकचिन्हांचा जुना पुरावा म्हणूनही त्याला मोल आहे, आणि ते मोल मी कमी लेखत नाही.

पण हे अंक कशाचे आहेत? यज्ञांच्या दक्षिणेचे. अश्वमेध, राजसूय आणि इतर अनेक यज्ञ केल्याची आणि त्या त्या यज्ञात काय दिले त्याची ही यादी आहे. गायी, घोडे, हत्ती, रुप्याची भांडी, कार्षापण नाणी, गाव. एके ठिकाणी ११,००० गायी आणि १,००० घोडे आहेत. आरंभी धर्माला, इंद्राला, संकर्षण-वासुदेवाला, चंद्रसूर्यांना आणि चार लोकपालांना वंदन आहे. 'धर्म' हा शब्द पाहून आमचे काही मित्र येथे बुद्धाचा धम्म वाचतात. एका शब्दाचा असा आधार घेऊन बाकीच्या साऱ्या यज्ञांकडे डोळेझाक करणे हे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. ज्या भिंतीवर हजारोंच्या दक्षिणेचा हिशेब आहे, ती भिंत आमची आहे असे म्हणण्यापूर्वी आपण हिशेबाच्या कोणत्या बाजूला होतो, हे पाहिले पाहिजे. अकरा हजार गायी कुणाच्या तरी गोठ्यातूनच निघाल्या असतील. गुहा कोरणाऱ्या पाथरवटाचे नाव त्या भिंतीवर नाही, आणि राजकन्येच्या वडिलांचे आहे.

मी रांजणाशी उभा असताना मला याच तालुक्यातील ओतूर आठवले. ओतूरच्या सत्यशोधकांनी १८८४ साली भटाला न बोलावता लग्ने लावली. ग्रामजोशांनी त्यावर आपल्या हक्काच्या दक्षिणेसाठी दावा लावला. म्हणजे नाणेघाटच्या भिंतीवर जी देणगी म्हणून कोरली गेली, ती ओतूरला येईपर्यंत वसुलीयोग्य हक्क बनली होती. अंतर एकाच तालुक्यातले. काळ सुमारे एकोणीस शतकांचा. मराठी संस्कृतीचा उगम नाणेघाटात सांगणारे लेखक नाणेघाटानंतर एकदम शिवनेरीवर येतात. मधे ओतूर लागते, आणि तेथे कुणी उतरत नाही. फुले यांचे अनुयायी ज्या गोष्टीशी झगडत होते तिचा जुना कागद घाटघरला दगडावर आहे, एवढी साधी जोड आमच्याही अभ्यासकांनी घालून दाखवली नाही, याची मला खंत वाटते.

आता कवीच्या मूळ मुद्द्याकडे वळतो. तो म्हणेल, ठीक आहे, नाणेघाट राजांचा. पण त्याच्याही आधीचे जे आहे, अक्षरांच्या आधीचे, ते तर आमचे? ज्याला विद्वान 'प्रागैतिहासिक' म्हणतात ते?

या शब्दापाशी थोडे थांबले पाहिजे. लेखन नाही तोवरचा काळ तो प्रागैतिहासिक, अशी साधी व्याख्या आहे. शास्त्राच्या सोयीपुरती ती ठीक. परंतु आपल्या समाजात अक्षर काहींच्याच हाती होते आणि बाकीच्यांना त्याची बंदी होती. ही व्याख्या येथे जशीच्या तशी लावली तर माझी आजी, जी १९६०च्या दशकात अंगठा उठवून वारली, ती प्रागैतिहासिक ठरते, आणि नागनिका तिच्याहून दोन हजार वर्षांनी अर्वाचीन ठरते. आपल्याकडे इतिहास आणि इतिहासपूर्व हे एकामागून एक आलेले काळ नाहीत. ते एकाच गावात, वेशीच्या अलीकडे आणि पलीकडे, शेजारी शेजारी नांदत आले आहेत. आमचा कवी त्या पलीकडल्या बाजूला वैभव शोधतो आहे. मला वाटते त्याने तेथे आधी माणसे शोधावीत.

ती शोधावयाची तर नदीच्या बाजूने उतरावे लागते. घाटघरहून परतताना पूर नावाचे गाव लागते. कुकडेश्वराचे जुने देऊळ तेथे आहे आणि त्याच परिसरात कुकडी उगम पावते. ही कुकडी जुन्नरवरून वाहत पूर्वेला बोरी गावाशी येते. बोरीच्या काठावर दगडी हातकुऱ्हाडी मिळाल्या आणि त्यांच्याबरोबर ज्वालामुखीच्या राखेचा थर मिळाला. राखेचे वय काढता येते, म्हणून हे स्थळ जगाच्या नकाशावर गेले. १९८९ मध्ये हे वय सुमारे १४ लाख वर्षे सांगितले गेले. नंतरच्या मापनात ते सुमारे ६ लाख ७० हजार आले. तर दुसऱ्या एका पक्षाच्या मते ही राख सुमात्रातील टोबा ज्वालामुखीची, म्हणजे सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीचीच आहे. शास्त्रज्ञांचा हा वाद त्यांचा त्यांनी मिटवावा. मला त्यातून एवढेच घ्यावयाचे आहे की ज्या माणसाने कुकडीच्या काठी ती कुऱ्हाड घडवली, तो ब्राह्मण नव्हता, महार नव्हता, मराठा नव्हता, कोळीही नव्हता. यातील जुने वय खरे असेल तर तो आपल्या जातीचा, म्हणजे आजच्या मानवजातीचाही नव्हता. 'आम्ही मूळचे' ही आरोळी बोरीच्या काठावर ऐकली की हसू येते, कुणीही मारली तरी.

बोरीच्या पुढे निघोजला कुकडीने खडकात स्वतःच रांजण कोरले आहेत. तेथे कुणी जकात घेत नाही. असो.

कुकडी पुढे घोडला मिळते, आणि घोडच्या काठी, शिरूर तालुक्यात, इनामगाव आहे. माझ्या मते संस्कृतीच्या उगमाविषयी महाराष्ट्रात काही बोलावयाचे तर या एका जागेइतकी बोलकी जागा दुसरी नाही. डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी प्रभृतींनी १९६८ पासून १९८३ पर्यंत येथे उत्खनन केले. इ. स. पूर्व सुमारे १६०० ते ७०० असा नऊशे वर्षांचा हा गाव. माळवा, पूर्व जोर्वे आणि उत्तर जोर्वे असे त्याचे तीन टप्पे. शंभराहून अधिक घरे आणि दोनशेहून अधिक दफने तेथे उजेडात आली. लिहिलेले एक अक्षर नाही. पण घरे, चुली, पेवे आणि हाडे एवढे बोलतात की नाणेघाटची भिंत त्यांच्यापुढे मुकी वाटावी.

पूर्व जोर्वे काळात हे गाव भरात होते. सव, गहू, डाळी पिकत होत्या. पुरापासून बचावासाठी बांध होता, पाण्याचा पाट होता. चौकोनी घरे ओळीने होती. मध्यभागी एक पाच खोल्यांचे घर, आणि त्याच्या लगत धान्याचे कोठार. कुंभार, चुना भाजणारा, सोनार अशा कारागिरांची घरे पश्चिमेच्या कडेला. सुस्थितीतले शेतकरी मध्ये. म्हणजे कोठार कुणाच्या अंगणात होते आणि भट्टी कुणाच्या, हे मातीवरून कळते. गॉर्डन चाइल्ड या पुरातत्त्ववेत्त्याने संस्कृतीच्या मुळाशी वरकड धान्य ठेवले होते. माणसाला खाऊन उरेल इतके पिकले आणि ते एका जागी साठले, की राजा, पुरोहित, शहर, लेखन ही सगळी बिऱ्हाडे मागोमाग येतात. इनामगाव शहर झाले नाही. पण ते पहिले पाऊल येथे दिसते.

आणि मग दफने. बहुसंख्य मुलांची. दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे, आत ते लेकरू, आणि हे सारे घराच्या जमिनीतच पुरलेले. आई ज्या जमिनीवर स्वयंपाक करीत होती तिच्याच खाली. प्रौढ माणसांना खड्ड्यात उताणे निजवलेले आहे, आणि घोट्याखालून पावले तोडलेली आहेत. मेलेला माणूस उठून जाऊ नये, भूत होऊन भटकू नये, ही समजूत त्यामागे असावी असे अभ्यासक म्हणतात. पण त्या पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात एक माणूस सापडला तो वेगळा. चार पायांच्या, पोट सुटल्यासारख्या मोठ्या मातीच्या कुंभात मांडी घालून बसवलेला, आणि पावले शाबूत. एनसीईआरटीच्या सहावीच्या एका इतिहासाच्या पुस्तकात मुलांना प्रश्न विचारला होता की हा गावचा मुख्य असेल काय. प्रश्न चांगला आहे. मी वर्गात असतो तर पुढचा विचारला असता की बाकीच्यांची पावले कुणी तोडली आणि याची तोडावयाची नाहीत हे कुणी ठरवले. (नाणेघाटला राजे गेले आणि पावले राहिली, येथे माणसे राहिली आणि पावले गेली. हा निव्वळ योगायोग आहे. त्याचे प्रतीक करू नये, असे मी त्या कवीला बजावले आहे.)

उत्तर जोर्वे काळात पाऊसमान बिघडले, शेती घटली, चौकोनी घरे गेली आणि लहान गोल झोपड्या आल्या. खळगा करून त्यावर छप्पर टाकलेल्या या झोपड्यांचे आराखडे मी पाहिले तेव्हा मला गावाबाहेर माळावर पडणारी पारध्यांची पाले आठवली. संस्कृती सरळ रेषेत वर वर चढत जाते असे जे आपण शाळेत शिकतो, त्याला इनामगाव पुरावा देत नाही. तेथे स्थिरावलेली माणसे पुन्हा भटकी झाली.

आता येथे एक मोह आवरला पाहिजे. कारागीर कडेला, मुख्य मध्यभागी. म्हणजे जात सापडली, अस्पृश्यता सापडली, असा निष्कर्ष काढण्याची आमच्यापैकी अनेकांना घाई होईल. तो निष्कर्ष काढता येणार नाही. कुंभार भट्टीच्या धुरामुळे कडेला राहिला असेल. सोनारही कडेलाच आहे, आणि सोनार काही पुढे गावाबाहेर गेला नाही. विषमता सापडली एवढेच म्हणता येते. विषमतेचे जातीत रूपांतर केव्हा आणि कसे झाले हा वेगळा प्रश्न आहे, आणि तोच आपला खरा प्रश्न आहे.

हा प्रश्न नेमक्या शब्दांत मांडणारा पहिला माणूस बाबासाहेब होय. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात त्यांनी संस्कृतीच्या उगमाचाच सिद्धान्त मांडला आहे, हे आपल्या समीक्षेच्या अजून नीट ध्यानात आलेले नाही. भटक्या टोळ्या स्थिरावतात, शेती करतात, संपत्ती साठते. भटक्या राहिलेल्या टोळ्या तिच्यावर धाड घालतात. लढायांत वाताहत झालेली फुटकी माणसे निराधार होतात. वसलेल्यांना राखणदार हवा, फुटलेल्यांना आसरा हवा. दोघांचा करार होतो, आणि फुटलेल्यांनी गावाबाहेर राहावे असे ठरते. आयर्लंड आणि वेल्समध्ये गावाबाहेर राहणारे असेच लोक होते याचे दाखले त्यांनी दिले आहेत. अंत्यज म्हणजे सृष्टीच्या अंती जन्मलेला नव्हे, गावाच्या अंती राहणारा, असा अर्थ त्यांनी लावला. महारांची वस्ती तटाबाहेर, राखणीचे काम पाळीपाळीने महारांकडे, आणि बावन्न हक्क. या महाराष्ट्राच्या खुणा त्यांनी साक्षीला काढल्या. नाक मोजून वंश ठरवण्याचे शास्त्र त्यांनी तपासले आणि फेकून दिले. अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे नाहीत, हे त्यांचे ठाम म्हणणे. अस्पृश्यता त्यांनी इ. स. ४०० च्या सुमारास आणली, त्याआधी नाही.

म्हणजे मोहेंजोदडोचे वारस म्हणून वंशाची मिरवणूक काढणारी आमची कविता बाबासाहेबांच्या नावाने लिहिली जाते, आणि त्यांच्या ग्रंथाच्या विरुद्ध जाते. याला मी आमच्या वाङ्मयाचा एक गंभीर दोष मानतो. रक्ताच्या शुद्धतेवर आणि प्राचीनतेवर प्रतिष्ठा ठरते हा नियम ज्यांनी केला, त्यांच्याच मैदानात जाऊन आम्ही त्यांच्याहून जुने आहोत असे ओरडण्यात कसला विद्रोह? फुल्यांनी 'गुलामगिरी'त १८७३ साली बळीच्या राज्याची कथा उभी केली, तेव्हा पुराणांवर पुराणांच्याच शस्त्राने घाव घालण्याची गरज होती आणि दुसरे शस्त्र हाती नव्हते. इनामगाव त्यांच्यापुढे नव्हते. ते बाबासाहेबांपुढेही नव्हते. तेथील उत्खनन त्यांच्या निर्वाणानंतर बारा वर्षांनी सुरू झाले. आपल्यापुढे ते आहे आणि आपण ते वाचत नाही.

बाबासाहेबांच्या सिद्धान्ताचा पडताळा घ्यावयाचा तर गावाबाहेर खणले पाहिजे. येथे माझ्या चुलत्यांची गोष्ट सांगावी लागते. ते तरुणपणी काही हंगाम एका पांढरीवर खोदकामाला जात होते. गावाची काळी आणि पांढरी ही जोडी ग्रामीण वाचकांना सांगावयास नको. काळी म्हणजे पिकाची जमीन. पांढरी म्हणजे वस्तीची, पिढ्यान् पिढ्यांची राख, शेण, पडक्या भिंती यांनी फिकी झालेली. जुनी वस्ती उठून गेली की तिचे पांढरीचे टेकाड उरते, आणि पुरातत्त्वाचे लोक तेच शोधत येतात. चुलते सांगत की कुदळ मारता मारता खापराचा आवाज आला की साहेब हात वर करून थांबवीत आणि स्वतः कुंचला घेऊन बसत. एकदा त्यांच्याच चरात जोडकुंभ निघाला. आत लहानगी हाडे. सगळे गोळा झाले, मापे घेतली गेली, फोटो निघाले. संध्याकाळी घरी येऊन त्यांनी आमच्या चुलतीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "लेकराला उघडं ठिवून आलात व्हय?" चुलत्यांना त्या रात्री जेवण गेले नाही. पुढे कित्येक वर्षांनी मी कॉलेजात शिकवू लागल्यावर त्यांनी मला विचारले, "बाबा, त्ये पोर गावातलं व्हतं का भाईरलं?"

मी तेव्हा हसलो होतो. आज मला वाटते की या विषयावर मी वाचलेल्या प्रश्नांत हा सर्वांत मोलाचा आहे. पांढरीत सापडले म्हणजे ते गावातले. बाहेरच्यांची पांढर कोठे आहे? महारवाडा दर पिढीला पावसात वाहून जाणारा, साथीत उठणारा, कधी गावाच्या इच्छेने हलवला जाणारा. त्याची माती साठून टेकाड व्हावे इतके स्थैर्य त्याला कुणी दिले? संस्कृतीचे टेकाड होते. बहिष्कृताचा फक्त थर होतो, बोटभर. पण तो थर असणारच. चुलीची राख, फुटके मडके, मेलेल्या गुराची हाडे एवढे तरी त्यात असेल. टेकाडाच्या पायथ्याशी, ओढ्यापलीकडे, वाऱ्याच्या खालच्या अंगाला खणून, कोणत्या शतकापासून हा थर वेगळा पडू लागतो ते पाहता येईल. चौथे शतक की त्याआधी की नंतर? बाबासाहेब बरोबर की चूक, हे जयजयकाराने ठरणार नाही. त्यांना तो आवडलाही नसता. पुरावा नसेल तेथे अंदाजाचे दुवे जोडावे लागतात, हे त्यांनी त्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत आडपडदा न ठेवता सांगितले आहे.

आमच्या बाजूच्या विचारवंतांत कोसंबींचे नाव येथे आदराने घेतले पाहिजे. गणिती माणूस, पण पुण्याच्या आसपासचे डोंगर त्यांनी पायी तुडवले. बारीक गारगोटीची हत्यारे, मातृदेवतांची ठाणी, जुन्या वाटा आणि लेणी यांचा संबंध त्यांनी दाखवला. 'मिथ अँड रिॲलिटी' (१९६२) वाचताना पायाला धूळ लागल्यासारखे वाटते. तरीही एक उणीव सांगतो. त्यांच्या लेखनात धनगर, कोळी, घराजवळ पाल टाकलेला फासेपारधी हे सगळे येतात, पण पुरावा म्हणून येतात. जुन्या जगाचे अवशेष म्हणून. त्या फासेपारध्याने कोसंबींविषयी काय विचार केला हे आपल्याला कळत नाही. शरद पाटलांनी 'दास-शूद्रांची गुलामगिरी' (१९८२) मध्ये उगमाचा प्रश्न जात आणि स्त्रीसत्ता यांच्याशी जोडला. हे काम मोठे. पण त्यांचा भर व्याकरणावर आणि संस्कृत ग्रंथांवर राहिला. ज्यांना ग्रंथ नव्हते त्यांचा शोध ग्रंथांत किती घ्यावयाचा?

आणि गंमत अशी की घाटघरहून परत येताना, जुन्नरच्याच लेण्यांत, आपल्या प्रश्नाचा एक धागा दगडावर लिहिलेला आहे. नाणेघाटच्या भिंतीहून या भिंती वेगळ्या. येथे दाते आहेत ते धान्याचे व्यापारी, यवन, शक, सामान्य उपासक. एका लेखात वेळूचे काम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्याची नोंद आहे. श्रेणी म्हणजे धंदेवाल्यांचा संघ. म्हणजे इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत बांबू कापून टोपल्या, सुपे करणाऱ्यांचा संघ इतका भरवशाचा होता की लोक त्याच्याकडे पैसा ठेवीत आणि त्याच्या व्याजावर धर्मादाय चाले. आज तेच काम करणारा बुरूड महाराष्ट्रात अनुसूचित जातींच्या यादीत आहे. मधे काय झाले? ठेवी सांभाळणारा हात सूप गावात देऊन बाहेर परतणारा कसा झाला? लेण्याद्रीला बौद्ध विहारात गणपती बसलेला आपण सर्वांनी पाहिला आहे आणि त्यावर आपण पुष्कळ चिडून लिहिले आहे. वेळूकारांच्या त्या ठेवीवर मात्र आमच्यापैकी कुणाची कविता माझ्या वाचनात नाही. मूर्ती दिसते, ठेव दिसत नाही, हे खरे. पण कवीला न दिसणारे दिसावे, अशी अपेक्षा असते.

मी वही परत करताना त्या तरुणाला हे सगळे सांगितले. तो नाराज झाला. म्हणाला, "सर, मग आमच्याजवळ राहिलं काय? राजे नाहीत, शहर नाही, लेणी पण अर्धीच." मी त्याला चुलत्यांचा प्रश्न सांगितला आणि घाटघरच्या त्या बाबांचे ओझ्याचे बोलणे सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. नंतर त्याने विचारले की जोडकुंभातली ती मुले आजारी होती की उपाशी. मी म्हटले, इनामगावच्या हाडांचा आणि दातांचा अभ्यास झालेला आहे, छापलेला आहे, वाच. रांजणाची कविता त्याने अजून फाडलेली नाही, आणि मी फाड असे म्हटलेलेही नाही. आधी इनामगावला जाऊन येतो म्हणाला. शिरूरपर्यंत एसटी आहे, पुढचे तो विचारून घेईल.